इंग्लंडमध्ये पहिलं घर घेताय? आधी सॉलिसिटरचं बघा

इथे येऊन भाडं भरत दोन-तीन वर्षं झाली की प्रत्येक मराठी घरात एक वाक्य सुरू होतं, "एवढ्या भाड्यात हप्ता बसला असता". मग रात्री एक वाजेपर्यंत राइटमूव्हवर घरं बघणं, मॉर्गेजचे आकडे जुळवणं, शाळा कुठली चांगली ते शोधणं हे सगळं होतं आणि सॉलिसिटर, म्हणजे घराच्या कागदांचं काम बघणारा वकील, मात्र ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाल्यावर दहा मिनिटांत घाईघाईत ठरवला जातो. आम्ही पहिल्या घराच्या वेळी हेच केलं, दुसऱ्या वेळी नाही केलं, त्यामुळे जे लिहितेय ते भोगून लिहितेय.

आपल्याकडे घर घेताना काय होतं ते आठवा. अ‍ॅग्रीमेंट तयार होतं, स्टॅम्प ड्युटी भरतो, सगळे मिळून सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जाऊन बसतो, नंबर आला की फोटो, अंगठा, सही, आणि इंडेक्स टू घेऊन घरी. इंग्लंडमध्ये यातलं काहीच नाही. तुम्ही कुठल्याही सरकारी ऑफिसात पाय ठेवत नाही, विकणाऱ्याचं तोंडही कदाचित एकदाच बघता, आणि तुमचा सॉलिसिटर तर बहुतेक प्रत्यक्ष भेटतच नाही. सगळा व्यवहार दोन बाजूंच्या दोन सॉलिसिटरमध्ये ईमेलवर होतो, त्याला कन्व्हेयन्सिंग म्हणतात. तुमचे पैसे, बँकेचं लोन, कागद, टॅक्स, नोंदणी सगळं त्या एका माणसाच्या टेबलावरून जातं. म्हणून त्याला निवडताना जरा वेळ द्या.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे हं. स्कॉटलंडमध्ये पद्धतच वेगळी, तिथे ऑफरसुद्धा सॉलिसिटरच लावतो.

कधी शोधायचा

घर आवडायच्या आधी. बँकेकडून किंवा ब्रोकरकडून अ‍ॅग्रीमेंट इन प्रिन्सिपल, म्हणजे एवढं लोन देऊ असं प्राथमिक पत्र, मिळालं की लगेच दोन-तीन ठिकाणी फोन करून ठेवा, पैसे अजून भरायचे नाहीत, फक्त बोलून ठेवायचं. कारण ऑफर अ‍ॅक्सेप्ट झाली की इस्टेट एजंट त्याच दिवशी विचारतो, तुमचा सॉलिसिटर कोण? त्याला मेमोरँडम ऑफ सेल नावाच्या व्यवहार ठरल्याच्या कागदात ते नाव घालायचं असतं. तुमच्याकडे नाव नसेल तर तो स्वतःच्या खिशातलं एक काढतो. त्यात बऱ्याचदा त्याला रेफरल फी मिळत असते. ती त्याने तुम्हाला सांगायची असते, आणि त्याचाच सॉलिसिटर घ्यायची कसलीही सक्ती नसते, "तुम्ही आमचा घेतला तर व्यवहार लवकर होईल" असं कितीही गोड बोलला तरी. एजंट विकणाऱ्याचा माणूस आहे एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

नवीन बांधकाम असेल तर बिल्डरही त्यांचा सॉलिसिटर सुचवतो, वर सूट देतो म्हणतो, आणि २८ दिवसांत एक्स्चेंज करा, म्हणजे काँट्रॅक्ट पक्कं करा, म्हणून मागे लागतो. तिथे तर आपला स्वतंत्र माणूस असलेला नक्कीच बरा.

सॉलिसिटर की लायसन्स्ड कन्व्हेयन्सर

दोघंही चालतात. सॉलिसिटरवर एसआरए या नियामक संस्थेचं नियंत्रण असतं, लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर सीएलसी या दुसऱ्या संस्थेचं, आणि कन्व्हेयन्सर मुख्यतः प्रॉपर्टीचंच काम करतो. साधं फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट मालकीचं, घर असेल तर कुणीही चालेल. घरात काही गुंतागुंत असेल, वारसा, घटस्फोट, जमिनीचा वाद असलं काही, तर सॉलिसिटर घ्या कारण त्या फर्ममध्ये बाकीच्या विषयांचे लोकही असतात. मी पुढे दोघांनाही सॉलिसिटरच म्हणतेय.

तीन गोष्टी स्वतः तपासा. पहिली, एसआरए किंवा सीएलसीच्या साइटवर जाऊन फर्मचं नाव खरंच रजिस्टरवर आहे का. दुसरी, लॉ सोसायटीची कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम नावाची मान्यता आहे का, म्हणजे सीक्यूएस. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, तुमच्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे मान्य फर्म्सच्या यादीत, ती फर्म आहे का. कारण इथे सहसा एकच सॉलिसिटर तुमचंही काम करतो आणि लोन देणाऱ्या बँकेचंही. पॅनेलवर नसेल तर बँक स्वतःचा वेगळा लावते, खर्च तुमचा आणि उशीरही तुमचाच.

एकच माणूस दोघांचं काम करतो याचा अजून एक अर्थ आहे जो आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही त्याला सांगितलं की डिपॉझिटमधले वीस हजार मित्राकडून उसने घेतलेत, तर ते त्याला बँकेला कळवावं लागतं, तुमची परवानगी मागेल, आणि नाही म्हणालात तर काम सोडेल. "आपल्यातच ठेवा" हा प्रकार इथे चालत नाही.

कोट कसा वाचायचा

२०१८ च्या डिसेंबरपासून फर्मना घराच्या व्यवहाराचे रेट वेबसाइटवर टाकावे लागतात, पण तो आकडा म्हणजे थाळीचा रेट असतो, एक्स्ट्रा रोटीचे वेगळे. मूळ फी घर आणि भाग बघून साधारण हजार ते दोन हजार पाऊंड, वर २० टक्के व्हॅट. मग लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचं घर, असेल तर जास्तीचे, गिफ्टेड डिपॉझिट असेल तर जास्तीचे, लाइफटाइम आयसा या बचत खात्यातून पैसे काढायचे तर जास्तीचे, बँकेचं काम केलं म्हणून, टॅक्सचा फॉर्म भरला म्हणून, पैसे पाठवले म्हणून, आयडी तपासला म्हणून. हे झाले फर्मचे. त्याशिवाय डिस्बर्समेंट्स, म्हणजे ते तुमच्या वतीने दुसऱ्यांना देतात ते: सर्चेस (कौन्सिल वगैरेंकडून घराची माहिती मागवणं), लँड रजिस्ट्रीची (घरमालकीची सरकारी नोंदणी) फी वगैरे. आमचा पहिला कोट ६९९ चा होता, शेवटचं बिल बघून नवरा म्हणाला, "हे ६९९ नेमके कुठले?"

म्हणून कोट मागताना आधीच सांगा, लीजहोल्ड आहे, दोघांच्या नावावर आहे, आईबाबांकडून पैसे येणारेत, आता सगळं धरून, व्हॅटसकट, शेवटचा आकडा लिहून पाठवा. आणि व्यवहार मोडला तर किती द्यायचे तेही विचारा, काही फर्म मोडल्यावर फी घेत नाहीत पण सर्चेसचे पैसे गेलेले असतात ते गेलेलेच.

फोनवर विचारायचे प्रश्न: माझी फाइल नक्की कोण बघणार, त्याचं नाव काय, तो रजेवर गेला तर कोण, त्याच्याकडे आत्ता किती फाइल्स आहेत, आणि मी फोन केला तर तो उचलतो की कॉल सेंटर. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ते देतील त्यावर जाऊ नका, दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन करून बघा. मी दुसऱ्या वेळी हे चार ठिकाणी केलं. दोन ठिकाणी "आपला कॉल महत्त्वाचा आहे" ऐकत बसले, एका ठिकाणी निरोप घेतला आणि कुणाचाच फोन नाही आला, चौथ्या ठिकाणी एका बाईंनी स्वतः उचलला, "पाच मिनिटांत जेवण संपवते आणि करते" म्हणाल्या आणि खरंच केला. त्याच ठरल्या. सगळ्यात स्वस्त कोटापेक्षा साडेतीनशे पाऊंड महाग होत्या.

पहिल्या वेळी आम्ही सगळ्यात स्वस्त ऑनलाइन फर्म घेतली होती. चार महिन्यांत फाइल तीन जणांकडे फिरली आणि प्रत्येकाने पासपोर्ट नव्याने मागितला.

पुण्यातला फ्लॅट पहिल्याच ईमेलमध्ये सांगा

आता जरा थांबून वाचा, कारण यात हजारो पाऊंडांचा फरक पडतो आणि आपले लोक इथेच सगळ्यात जास्त फसतात.

स्टॅम्प ड्युटीत पहिलं घर घेणाऱ्यांना सूट आहे. एप्रिल २०२५ पासून ३,००,००० पाऊंडांपर्यंत काही नाही, तिथून ५,००,००० पर्यंत ५ टक्के, आणि घर ५,००,००० च्या वर गेलं की सूटच नाही. पण "पहिलं घर" म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे, जगातलं पहिलं. कोथरूडला तुमच्या नावावर वन बीएचके होता आणि तो विकलात, तरी तुम्ही पहिले खरेदीदार नाही. बाबांनी फ्लॅट घेताना अ‍ॅग्रीमेंटवर प्रेमाने तुमचं नाव सेकंड होल्डर म्हणून घातलं होतं, तुम्ही एक रुपया दिला नव्हता, तरी ते नाव तिथे आहेच. वारसाने आलेलं घर किंवा त्यातला हिस्साही मोजला जातो. आणि दोघांच्या नावावर घेत असाल तर दोघंही पहिले खरेदीदार लागतात.

त्याच्यापुढचा दणका म्हणजे दुसऱ्या घरावरचा सरचार्ज. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तो ५ टक्के आहे, आणि इथेही जगात कुठेही असलेलं घर मोजतात, किंमत ४०,००० पाऊंड किंवा वर असली की. म्हणजे भारतातलं साधारण पंचेचाळीस लाखांच्या आसपासचं घर, रुपयाचा भाव बघून. आता पुण्या-मुंबईत पंचेचाळीस लाखांत काय येतं ते तुम्हीच सांगा.

चार लाख पाऊंडांचं घर धरा. दोघंही पहिले खरेदीदार असतील तर टॅक्स ५,००० पाऊंड. आधी घर होतं पण आता जगात कुठेच काही नाही, तर १०,०००. आणि भारतात फ्लॅट आहे, तर ३०,०००. तेच घर, तोच रस्ता.

यावर मंडळींकडे एक आयडिया कायम तयार असते, फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आहे ना, मग इथलं घर फक्त बायकोच्या नावावर घेऊ. चालत नाही. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर सरचार्जसाठी दोघांचं मिळूनच बघतात, कागदावर नाव एकाचं असलं तरी. राहतं घर विकून त्याजागी दुसरं राहतं घर घेणाऱ्यांना सरचार्जमधून वेगळी सूट आहे, वारसाने आलेल्या छोट्या हिश्श्यांनाही काही बाबतीत आहे, तुमचं त्यात बसतं का ते विचारा. बरेच सॉलिसिटर टॅक्सचा सल्ला देत नाहीत असं कामाच्या अटींत लिहिलेलं असतं, तसं असेल तर टॅक्सवाल्याला वेगळे पैसे देऊन विचारा पण विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. गावाकडच्या वाड्यात आजोबांच्या नंतर सात जणांची नावं लागलीयत आणि त्यात तुमचं एक, हेही सांगा. लपवून फायदा नाही, फॉर्म तुमच्या नावाने जातो आणि चूक निघाली तर दंड-व्याज तुम्हालाच.

लाइफटाइम आयसाचंही तसंच. घर ४,५०,००० पाऊंडांच्या आत हवं, आणि तिथेही जगातलं पहिलंच घर हवं, नाहीतर पैसे काढताना २५ टक्के कापतात. आणि ते पैसे तुम्ही स्वतः काढायचे नसतात, सॉलिसिटर मागवतो.

खरेदीच्या आधीच्या वर्षभरात १८३ दिवस यूकेत राहिला नसाल तर स्टॅम्प ड्युटीत अजून २ टक्के लागतात. आणि वेल्समध्ये टॅक्सच वेगळा, तिथे पहिल्या घराची सूट नाही.

पैसे कुठून आले याचा हिशोब

मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे सॉलिसिटरला तुमच्या डिपॉझिटचा पाऊंड न् पाऊंड कुठून आला ते बघावं लागतं. पगारातून साठवले असतील तर सोपं, स्टेटमेंट दिली की झालं. आपलं सोपं नसतं.

आमचंच सांगते. नवऱ्याच्या खात्यात दर महिन्याला दहा वेगवेगळ्या लोकांकडून शंभर-शंभर पाऊंड आणि मग एका महिन्यात एकदम मोठी रक्कम, ती आमची भिशी होती. आता भिशी म्हणजे काय हे एका इंग्लिश बाईंना ईमेलमध्ये समजवा. मी अर्धं पान लिहिलं, कोण कोण आहे, कुणाचा नंबर कधी लागतो, व्याज नाही, आम्ही एकाच ऑफिसातले. त्यांचं उत्तर आलं की छान कल्पना आहे, आता त्या दहाही जणांची नावं आणि प्रत्येकाशी नातं काय ते द्या. त्यामुळे घर घ्यायच्या आधी सहा महिने भिशी, मित्रांची उसनवारी, "मी देतो तू टाक" हे सगळं त्या खात्यातून बंद करा. रोख तर विसराच.

भारतातून पैसे येणार असतील तर अजून लवकर सुरुवात करा. आईबाबा पाठवणार असतील तर एलआरएस, म्हणजे भारताबाहेर पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, दर आर्थिक वर्षात एका माणसामागे अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, रक्कम सहसा त्यात बसते, वेळ जातो तो बँकेच्या फॉर्म्समध्ये आणि टीसीएस नावाच्या टॅक्सच्या हिशोबात. तुमच्या एनआरओ खात्यातून येणार असतील तर सीएचं सर्टिफिकेट लागतं. आणि इथला सॉलिसिटर नुसतं "पैसे बाबांनी दिले" यावर थांबत नाही, बाबांकडे कुठून आले हेही विचारतो. एफडी मोडली तर तिची पावती, प्लॉट विकला तर खरेदीखत, आणि खरेदीखत मराठीत असेल तर त्याचं अधिकृत भाषांतर. सासऱ्यांची एक ठेव गावच्या पतसंस्थेत होती, पासबुकात पेनाने लिहिलेल्या नोंदी आणि खाली गोल शिक्का. त्याचा फोटो पाठवला तर फर्ममध्ये दोन दिवस शांतता. शेवटी पतसंस्थेच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र आणलं तेव्हा सुटलं.

गिफ्टसाठी आईबाबांच्या सहीचं पत्र लागतं, की हे पैसे भेट आहेत, परत नकोत, घरात आमचा हक्क नाही. त्यांचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावाही मागतात. परदेशातून आलेली भेट काही बँका स्वीकारत नाहीत, ते ब्रोकरला आधीच विचारा.

आणि नावं! पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये, पगाराच्या स्लिपवर ते गायब, भारतातल्या बँकेत लग्नाआधीचं आडनाव, बाबांच्या खात्यावर नुसती इनिशियल्स. आपल्याला यात काही वाटत नाही, त्यांना ही चार वेगळी माणसं वाटतात. मॅरेज सर्टिफिकेट पहिल्याच दिवशी जोडा आणि दोन ओळींत समजावून टाका.

कागद आल्यावर

विकणाऱ्याच्या सॉलिसिटरकडून काँट्रॅक्टचा मसुदा येतो, सोबत लँड रजिस्ट्रीचा टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) आणि टायटल प्लॅन (लाल रेघेने हद्द दाखवणारा नकाशा), टीए६ म्हणजे घराची माहिती आणि टीए१० म्हणजे घरात काय काय ठेवून जाणार त्याची यादी. तुमचा सॉलिसिटर हे वाचतो, सर्चेस मागवतो, आणि समोरच्याला प्रश्न विचारतो, त्यांना एन्क्वायरीज म्हणतात. बहुतेक सगळा वेळ या एन्क्वायरीजमध्ये जातो.

एक गोष्ट नीट समजून घ्या, सॉलिसिटर घर बघायला जात नाही. त्याला फक्त कागद दिसतो, घर तुम्हाला दिसतं. दोन्ही जुळतात का हे तुम्हीच बघायचं. मी टायटल प्लॅनची प्रिंट काढून दुसऱ्या व्ह्यूइंगला घेऊन गेले आणि लाल रेघेबरोबर घराभोवती चालले. मागे गल्लीत ज्या गॅरेजचा फोटो जाहिरातीत होता ते लाल रेघेत नव्हतंच. बाईंना फोन केला, त्यांनी विचारलं, तर त्या गॅरेजचं टायटल वेगळं होतं आणि ते काँट्रॅक्टमध्ये घालायचं राहून गेलं होतं. मुद्दाम केलं असेल असं नाही, पण मी चालले नसते तर गॅरेज गेलं असतं.

टीए६ सुद्धा स्वतः वाचा. शेजाऱ्यांशी भांडण आहे का, कुंपण कुणाचं, घराला काय काय बदल केले, जॅपनीज नॉटवीड आहे का. हे नॉटवीड म्हणजे आपल्या गाजरगवतासारखं चिवट, पण बँक लोन अडवते इतकं वाईट. मग टायटलमधल्या अटी, म्हणजे कव्हेनंट्स. कुठे समोर कॅराव्हॅन लावायची नाही, कुठे कोंबड्या पाळायच्या नाहीत, कुठे घरातून धंदा करायचा नाही. तुम्ही घरून डबे करायचा विचार करताय का, क्लासेस घ्यायचेत का, माळ्यावर खोली काढायचीय का? ते सॉलिसिटरला आत्ताच सांगा, त्याला तुमच्या मनातलं कसं कळणार.

सर्चेसमध्ये कौन्सिलचा, पाणी-ड्रेनेजचा आणि पर्यावरणाचा हे नेहमीचे, जुन्या खाणींच्या भागात कोळशाचाही. चर्चच्या दुरुस्तीचा खर्च घरमालकावर येतो का याचाही एक सर्च असतो, वाचून हसू येतं पण वॉरविकशरमधल्या अ‍ॅस्टन कँटलोच्या प्रकरणात २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मालकांवर खरंच ती जबाबदारी टाकली होती.

माळ्यावर खोली काढलीय पण बिल्डिंग रेग्युलेशनचं सर्टिफिकेट नाही, हे अगदी कॉमन आहे. अशा वेळी इन्डेम्निटी पॉलिसी नावाचा एकरकमी विमा सुचवतात. इथे एक चूक करू नका, उत्साहाने कौन्सिलला स्वतः फोन करून "या पत्त्याचं सर्टिफिकेट आहे का" विचारू नका, एकदा कौन्सिलला कळलं की तो विमा सहसा मिळत नाही. आणि विम्याने खोली मजबूत होत नाही, त्यासाठी सर्व्हेयरच बघायला हवा. बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे.

फ्लॅट असेल तर बहुतेक लीजहोल्ड, आणि मग वर्षं मोजा. लीज ८० वर्षांच्या खाली जात असेल तर वाढवायचा खर्च चढतो, बऱ्याच बँकाही कुरकुर करतात. जानेवारी २०२५ पासून लीज वाढवायला दोन वर्षं थांबायची अट गेली, एवढं बरं झालं. ग्राउंड रेंट (जमीनमालकाला द्यायचं भाडं) किती आणि दर किती वर्षांनी दुप्पट होतो, सर्व्हिस चार्ज मागच्या तीन वर्षांत किती वाढला, छत-लिफ्ट असलं मोठं काम काढणारेत का, उंच इमारत असेल तर क्लॅडिंगचं (बाहेरच्या आवरणाचं) काय, हे सगळं इमारत सांभाळणाऱ्यांच्या मॅनेजमेंट पॅकमध्ये येतं. तो पॅक यायलाच कधीकधी महिना-दीड महिना लागतो, तो मागवला का हे पहिल्या आठवड्यात विचारा.

मागे लागायचं कसं

आपण दोन टोकं करतो. एकतर "ते करतील त्यांचं काम" म्हणून सहा आठवडे गप्प, नाहीतर दिवसातून तीन ईमेल. माझं जे जमलं ते असं: आठवड्यातून एक ईमेल, मंगळवारी सकाळी, वर घराचा पत्ता आणि फाइल नंबर, खाली एक-दोन-तीन असे प्रश्न, आणि शेवटी एकच विचारणा, आत्ता काम नेमकं कुणाकडे अडकलंय? उत्तर "समोरच्या सॉलिसिटरकडे" आलं की तेच एजंटला फोन करून सांगायचं, कारण समोरच्याला ढकलायला एजंट उपयोगी पडतो, त्याला कमिशन शेवटीच मिळतं. आणि सर, मॅडम नको, पहिल्या नावाने हाक मारतात इथे. मला ते जमायला महिना लागला, वयाने आईएवढ्या बाई.

ऑफरपासून चावीपर्यंत तीन ते पाच महिने धरा, चेन, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या व्यवहारांची साखळी, असेल तर जास्त. एक्स्चेंज होईपर्यंत कुणीही, कधीही माघार घेऊ शकतं, शेवटच्या आठवड्यात दुसऱ्याने जास्त पैसे दिले म्हणून घर गेलेली माणसं मला माहितीयत. तोपर्यंत भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका, सोफा तर अजिबात बुक करू नका.

खरंच काम होत नसेल तर आधी फर्मकडेच लेखी तक्रार करायची, त्यांना आठ आठवडे असतात, नाही समाधान झालं तर लीगल ऑम्बुड्समन, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी संस्था, तिथे तक्रारीला पैसे पडत नाहीत.

सह्या, एक्स्चेंज, चावी

सह्यांच्या आधी रिपोर्ट येतो, पंधरा-वीस पानांचा, तो वाचा, न कळलेल्या ओळींवर खूण करून अर्धा तास फोनवर मागा. त्यातच एक प्रश्न असतो, जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन. पहिल्यात एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, दुसऱ्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. एकाच्या आईबाबांनी मोठी रक्कम दिली असेल तर यावर घरात आधी बोला, सॉलिसिटरच्या फॉर्मवर टिक करताना पहिल्यांदा नको.

डीडवर, म्हणजे दस्तावर, सही करताना साक्षीदार समोर हजर लागतो, घरातला नको, व्हिडिओ कॉल चालत नाही. आमच्याकडे शेजारचे आजोबा चहा पिता पिता सही करून गेले.

एक्स्चेंजला साधारण १० टक्के डिपॉझिट जातं, व्यवहार पक्का होतो आणि कम्प्लीशनची, म्हणजे पैसे देऊन चावी घ्यायची, तारीख ठरते. त्यानंतर माघार घेतलीत तर ते डिपॉझिट गेलं. घराचा विमा सहसा त्याच दिवसापासून तुमच्या नावाने हवा. तारखेबद्दल काही मनात असेल तर एक्स्चेंजच्या आधी बोला. आमची तारीख पितृपक्षात येत होती, सासूबाईंचा फोनवर फोन, आणि चेनमध्ये चार घरं. बाईंना नीट सांगितलं तर त्या म्हणाल्या एक आठवडा पुढे ढकलायला विचारते, आणि तिघं तयार झाले. एक्स्चेंज झाल्यावर विचारलं असतं तर काही होणार नव्हतं.

पैसे पाठवताना मात्र हात थरथरू द्या थोडा. ईमेल हॅक करून "आमचा बँक अकाउंट बदललाय" असा हुबेहूब सॉलिसिटरच्या नावाने मेल पाठवणारे खूप आहेत आणि गेलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. अकाउंट नंबर पहिल्या दिवशी पत्राने किंवा समक्ष घ्या, पाठवायच्या आधी तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून वाचून घ्या, आधी एक पाऊंड पाठवा, पोचला का विचारा, मग बाकीचे. अ‍ॅपवरून एका दिवसात किती जातात तेही आधी बघा, नाहीतर ऐन दिवशी बँकेच्या रांगेत.

कम्प्लीशनच्या दिवशी तुम्हाला काही काम नसतं. पैसे पोचले की समोरच्याचा सॉलिसिटर एजंटला फोन करतो आणि एजंट चावी देतो. शुक्रवार शक्यतो टाळा, काही अडकलं तर सामान सोमवारपर्यंत ट्रकमध्ये.

त्यानंतर १४ दिवसांत स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म आणि पैसे जायला हवेत. ते सॉलिसिटर करतो पण कायद्याने जबाबदारी तुमची, म्हणून भरल्याचं सर्टिफिकेट मागून घ्या. मग लँड रजिस्ट्रीत नोंदणी, तिला कधीकधी कित्येक महिने लागतात, घाबरू नका. झाली की एक पीडीएफ येते. घरात ठेवायला जाड फाइल, शिक्के असलं काही नाही, आईने व्हिडिओ कॉलवर तीनदा विचारलं, "आणि मूळ कागद कुठायत?" पीडीएफमध्ये नावांचं स्पेलिंग आणि पत्ता तपासा, आमच्या पहिल्या घराला माझ्या आडनावात एक अक्षर कमी होतं आणि ते फर्म बंद व्हायच्या आधी दुरुस्त करून घेतलं. आणि लँड रजिस्ट्रीचा प्रॉपर्टी अलर्ट फुकट आहे, तुमच्या घराच्या टायटलवर कुणी काही हालचाल केली की ईमेल येतो, तो त्याच संध्याकाळी लावून टाका.